हरणाने उभं राहावं की बसावं?

मंडळी, विषय जरा विचित्र आहे. घरातल्या काही वडीलधाऱ्यांना तो अशुभही वाटेल, तरी लिहितेच. एखादं हरीण मेलं आणि त्याचं कातडं वापरून ते जिवंत दिसेल असं पुन्हा उभं करायचं ठरलं, तर त्याला कोणत्या पवित्र्यात उभं करावं? मान ताठ, कान टवकारलेले, पुढचा एक पाय किंचित उचललेला? उडी मारताना? चरताना? की चक्क बसवून टाकावं?

आईने विचारलंच, "तुला हे असलं सुचतं तरी कुठून?" आता बोरिवलीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचणं इतकंही जगावेगळं नाही. आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली वन्यप्राण्यांच्या टॅक्सीडर्मीचं केंद्र सुरू झालं. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. संतोष गायकवाड यांचं ते काम. २००३ साली ते फोर्टातल्या म्युझियममध्ये गेले होते (म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, आमच्या घरात अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स'च म्हणतात). तिथल्या निसर्गविभागातले प्राणी बघून आपल्यालाही हे यायला हवं असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि आधी पक्ष्यांवर हात बसवत ते सिंह-वाघांपर्यंत पोचले. वर्तमानपत्रांतून हे सगळं वेळोवेळी येऊन गेलंय, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंही असेल.

मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. अशा केंद्रात येणारं जनावर कुणी मारलेलं नसतं. सफारीतला सिंह म्हातारपणाने जातो, प्राणिसंग्रहालयातला वाघ आजाराने जातो, कुणी अपघातात सापडतो. नुसतं जाळून किंवा पुरून टाकण्याऐवजी त्याचं कातडं वाचवायचं आणि लोकांना, विशेषतः मुलांना, ते जनावर जवळून बघू द्यायचं, असा सगळा हेतू. म्हणजे शिकाऱ्याच्या दिवाणखान्यातली जी कला, तीच, पण तिचं कारण पार उलटं झालेलं. आणि माझं म्हणणं एवढंच, की कारण उलटं झालं तर पवित्राही बदलायला हवा. तो मात्र जुनाच चालू आहे, नुसत्या आपल्याकडे नव्हे, जगभर.

आधी थोडं कामाबद्दल, कारण 'पेंढा भरलेला' हा आपला शब्द फार दिशाभूल करतो. पूर्वी खरोखरच कातड्याची पिशवी शिवून तिच्यात पेंढा, भुसा, चिंध्या कोंबत. उशी भरल्यासारखं. त्यामुळे जुन्या संस्थानी वाड्यांतले काही वाघ फुगलेल्या लोडासारखे दिसतात ते उगीच नाही. आताच्या कामात पेंढा नसतो. जनावराची मापं घेतात: डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंत, मानेचा घेर, छातीचा घेर, मांडीची जाडी. कातडं सोडवून कमावतात. दरम्यान त्या मापांचं शरीर तयार होतं, आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती, फोम किंवा फायबरग्लास. त्यावर कातडं चढवायचं, शिवायचं, काचेचे डोळे बसवायचे, ओठ आत दुमडून घ्यायचे, कानांत साचा घालायचा आणि शेवटी सुकलेल्या नाकाला ओलसर दिसेल असा रंग द्यायचा. हरणाची शिंगं मात्र खरीच असतात, कवटीच्या तुकड्यासकट.

यात गंमत अशी, की पवित्रा ठरतो सगळ्यात आधी. कातड्याला पहिला छेद पोटाकडून द्यायचा की पाठीवरून, हे जनावर पुढे कसं दिसणार आणि बघणारा कुठून बघणार यावर ठरतं, कारण शिवण लपवायची असते. सळ्या वाकवायच्या तर वजन कोणत्या पायावर ते माहीत पाहिजे. ज्या पायावर भार त्याच्या खांद्याचा स्नायू वर चढतो, दुसरा सैल पडतो. उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला हे वेगळं सांगायला नको, आपणही एका पायावर भार टाकूनच भाजी चिरतो. चारही पायांवर सारखा भार दिलेलं जनावर टेबलासारखं दिसतं. म्हणजे 'बघू नंतर कसं उभं करायचं ते' ही सोय इथे नाही. कातडं जास्त थांबत नाही, केस सुटायला लागतात.

आता मुलुंडच्या मामाकडचं चितळ. नातेवाइकांना ते चांगलंच माहीत आहे, इतरांसाठी सांगते. हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, लाकडी ढालीवर बसवलेलं नराचं डोकं, मानेपर्यंत. आमच्या आजोबांनी ते मारलेलं नाही. आजोबा पन्नासच्या दशकात बल्लारशाला लाकडाच्या व्यवहारात कारकून होते आणि कुणा साहेबाने बदली होऊन जाताना सामान हलकं करायला म्हणून ते त्यांच्या गळ्यात मारलं. (आजोबा नंतर शाकाहारी झाले, त्याचा आणि याचा संबंध नाही असं ते म्हणत.) त्याच्या डाव्या कानाला कसर लागलीय. मामी दर दिवाळीला ते फडक्याने पुसते, आणि हे वाचत असशील तर मामी, कृपा करून थांबव. जुन्या काळी कातडं किडीपासून वाचवायला आतून सोमल चोळत असत. उघड्या हाताने त्याला लागू नये.

तर त्या चितळाचा पवित्रा. मान ताठ, दोन्ही कान पुढे, डोळे गोल, थेट समोर. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय ऐट! पण चितळ असं कधी दिसतं? जेव्हा त्याला तुमची चाहूल लागलेली असते तेव्हा. तो चरायचा थांबलाय, रवंथ थांबलाय, दोन्ही कान एकाच दिशेला लागलेत, पुढच्या क्षणी तो पाय आपटेल, ओरडेल, शेपटी वर करेल आणि कळप उधळेल. ही ऐट नव्हे, ही भीती आहे. आणि ती भीती बघणाऱ्याची आहे. बंदुकीच्या नळीमागून हरीण असंच दिसतं, म्हणून शिकाऱ्याला तेच 'जिवंत' वाटलं, त्याने तेच करून मागितलं, आणि कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या तेच करून दिलं. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्याने, जो १९९९ ला बंद झाला, संस्थानिकांना आणि साहेबांना हजारो वाघ-बिबटे करून दिले. त्यांतले कितीतरी जबडा वासून गुरगुरणारे. वाघ दिवसाचे किती तास गुरगुरतो? बहुतेक वेळ तो झोपलेला असतो. पण झोपलेला वाघ मारला असं कोण सांगेल?

कालिदासाचंही तसंच आहे बघा. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारं हरीण आहे. वळून वळून मागे बघतंय, बाणाच्या भीतीने मागचं अंग पुढच्या अंगात ओढून घेतलंय, आणि धापेने उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडतंय. पवित्रा निवडणाऱ्या कुठल्याही कारागिराने शिकावं असं निरीक्षण आहे ते. पण बघणारा कोण? रथातला राजा, धनुष्य ओढलेला. मला त्या वर्णनात सगळ्यात खरं काय वाटतं, तर ते अर्धवट चावलेलं गवत. रथ येण्याआधी ते हरीण काय करत होतं याचा तेवढाच पुरावा.

हे सगळं मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, मग करायचं काय? जांभई देणारं हरीण?" आमचा मामा असा आहे. पण मी त्याला बाबांच्या फोटोची आठवण करून दिली.

बाबा गेले तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. अशा वेळी घाईत जो हाती लागतो तोच मोठा होतो, आणि हाती लागतो तो पासपोर्टचा. ताठ मान, दोन्ही कान दिसतायत, डोळे थेट समोर. फोटोवाल्याने "हलू नका" म्हटल्यावर माणूस जसा दिसतो तसा. भावाचं म्हणणं, तोच लावू, स्पष्ट आहे. माझ्याकडे दुसरा होता. गच्चीत खुर्चीवर बसून, चष्मा कपाळावर, मांडीवर ताट, मटार सोलतायत. कॅमेऱ्याकडे लक्षच नाही, तोंडात बहुधा एक दाणा. काका म्हणाले, हा काय फोटो आहे का हार घालायचा? दोन दिवस वाद झाला. शेवटी पासपोर्टवाला हॉलमध्ये लागला आणि मटारवाला आईच्या खोलीत. चार वर्षं झाली. हॉलमधल्या फोटोला रोज उदबत्ती लागते, पण घरात येणारं प्रत्येक माणूस थांबतं ते मटारवाल्यापाशी. "अगदी असेच बसायचे," म्हणतात.

या 'असेच बसायचे'पाशी माझं मत येऊन टेकतं. माझं म्हणणं, चितळाला बसवावं. रवंथ करताना.

का? कारण तो खरोखर तसाच असतो. चितळं सकाळ-संध्याकाळ चरतात आणि उन्हं चढली की सावलीत बसून रवंथ करतात. कान्हेरीच्या रस्त्याने दुपारी गेलात आणि नशीब असेल तर झाडाखाली पाचोळ्यात ठिपके ठिपके दिसतात, आणि मग कळतं की त्यातले काही ठिपके पाचोळ्यावरचे कवडसे नाहीत. पुढचे पाय छातीखाली दुमडलेले, मागचे एका बाजूला. डोळे अर्धवट मिटलेले. पण कान मात्र झोपत नाहीत, एक पुढे असतो, एक मागे वळलेला, आणि दोघं आपापलं काम करत असतात. माझ्या दृष्टीने जिवंतपणा त्या मागे वळलेल्या कानात आहे. पुढच्या एका घासापुरतं समाधान आहे आणि मागे बिबट्या असू शकतो हेही ठाऊक आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात हरणाचं सगळं आयुष्य याच दोन गोष्टींत जातं.

याला आक्षेप आहेत आणि ते फालतू नाहीत. संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने मला चांगलंच सुनावलं. पहिलं म्हणजे, बसलेलं मेलेलं जनावर मेलेलंच दिसतं. उभं जनावर निदान पायांमुळे तरी जिवंत वाटतं. दुसरं, शाळेची रांग असते, पोरगं एका काचेपुढे जेमतेम काही सेकंद थांबतं, त्याला डोळ्यात डोळा घालून बघणारं हरीण हवं असतं. तिसरं, बसवलं की पाय झाकले जातात, आणि मग चितळ केवढं असतं हे मुलांना कळत नाही.

तिसरा मुद्दा मी मान्य करते. शेजारी एक उभी मादी ठेवा. दुसऱ्या मुद्द्यावर माझं उत्तर असं, की मुलांना आपण डोळ्यात डोळा घालणारं हरीण दाखवत आलो म्हणून त्यांना ते हवंसं वाटतं. माझी भाची उद्यानात खऱ्या हरणांपुढे अर्धा तास बसते आणि त्यातलं एकही तिच्याकडे बघत नाही. पहिला आक्षेप खरा अवघड. बसलेलं हरीण मेलेलं दिसू नये हे कौशल्याचं काम आहे, आणि ते उभ्यापेक्षा कठीण असणार. काखेत आणि मांडीपाशी कातड्याच्या घड्या पडतात, त्या नेमक्या पडल्या पाहिजेत. चितळाचे ठिपके जन्मभर राहतात आणि पोटाकडच्या रांगा जवळजवळ रेघेसारख्या जातात. शरीर जरा मोठं झालं, कातडं ताणलं गेलं, की गोल ठिपका लांबोळा होतो आणि चोरी पकडली जाते. रवंथ करताना खालचा जबडा आडवा सरकतो, तेव्हा तोंड किंचित एका बाजूला गेलेलं हवं. सरळ मिटलेलं तोंड ठेवलं तर ते रवंथ नव्हे, मौन.

एवढी तयारी नसेल तर दुसरा पर्याय चरण्याचा. त्यातही एक मेख आहे, आणि ती मला फार आवडते. शेळी, मेंढी, घोडा यांच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते हे तुम्ही पाहिलं असेल. हरणाचीही तशीच. आता चरायला मान खाली गेली की ती बाहुली उभी व्हायला हवी, नाही का? होत नाही. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मान खाली जाते तसा या जनावरांचा डोळा खोबणीत फिरतो, पन्नास-एक अंशांपर्यंत, आणि बाहुली जमिनीला समांतर राहते. म्हणजे खाताना सुद्धा क्षितिजावर नजर. त्या अभ्यासात चितळ नव्हतं, पण त्याची तऱ्हा वेगळी असायला काही कारण दिसत नाही. तेव्हा चरणारं हरीण करायचं आणि काचेचा डोळा उभ्या हरणाच्या हिशेबाने बसवायचा, तर ते हरीण आयुष्यात कधी नव्हतं अशा नजरेने बघत राहणार. किती ठिकाणी असं झालं असेल देव जाणे.

हे बारकावे म्हणजे नसती उठाठेव वाटत असेल तर अमेरिकेतला कार्ल अ‍ॅकली बघा. पेंढ्याचं युग ज्याच्या मातीकामाने संपलं त्यांतला हा मुख्य माणूस. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्याचे हरणांचे चार देखावे आहेत, चार ऋतूंचे, १९०२ च्या सुमाराचे. एकच जात, पण ऋतू बदलला की कातडं, शिंगं आणि वागणं सगळं बदलतं, हे दाखवायला त्याने काही वर्षं घातली. झाडांची हजारो पानं मेणाची केली, त्यात त्याची बायको डेलिया हिचा मोठा हात होता. अर्थात अ‍ॅकलीने पुढे आफ्रिकेत जाऊन संग्रहालयासाठी म्हणून पुष्कळ जनावरं मारली, आणि त्याच माणसाने गोरिलांसाठी बेल्जियमच्या राजाच्या मागे लागून १९२५ ला काँगोत अभयारण्य करवून घेतलं. माणसं अशीच असतात.

पण 'जिवंत दिसणं' म्हणजे नेमकं कुणाला दिसणं, याचं आपल्याकडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. रेडकू मेलं की म्हैस पान्हा सोडत नाही. मग त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवत. ना डोळे, ना पाय, ना पवित्रा. माणसाला ते भयंकर दिसतं. म्हैस मात्र ते चाटते आणि पान्हा सोडते. तिला वास पुरतो. डोळा, कान, मान हे सगळे हट्ट आपले, बघणाऱ्यांचे. तर मग निदान आपण कुठून बघतोय ते तरी ठरवून घेऊ.

मामाच्या चितळाचं काय, असं काही जणांनी फोनवर विचारलंय, म्हणून सांगते. त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय, भाड्याच्या घरात ते डोकं मामीला नकोय. विकायचा प्रश्नच नाही, कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे मालकीचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाला अशी वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांना रीतसर कळवून सरकारकडे सोपवता येते. मोबदला मिळत नाही. मामाकडे वनखात्याचा कागद आहे, पत्राचा मसुदा मी करून दिलाय, आणि तो अजून सही करत नाहीये. "चाळीस वर्षं माझ्याकडे बघतंय ते," म्हणतो. मी म्हटलं, तुझ्याकडे नाही रे, त्या साहेबाकडे बघतंय.

राहता राहिली पाटी. काचेवर नाव, शास्त्रीय नाव आणि अधिवास एवढंच असतं. माझ्या मते त्यात आणखी एक ओळ हवी, ते जनावर कशाने गेलं याची. म्हातारपण, आजार, गाडीची धडक, जे असेल ते. कागदोपत्री ती माहिती असतेच, फक्त काचेवर यायला हवी. आमच्या चितळाच्या ढालीवर तेवढी एकच जागा रिकामी आहे, खाली, पितळी खिळ्यांच्या मधे.